तीन मुलं, तीन वयं आणि फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक

"मॅडम, दहा वाजेपर्यंतच सगळं कोसळतं. शाळेइतका अभ्यास होतच नाही. मुलं मागे पडली तर मी काय तोंड दाखवू?"

घरी शिकवणाऱ्या बऱ्याच आया थोड्याफार फरकाने हेच विचारतात. या ताई पुण्यातल्या धायरीच्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) थोरली मुलगी साडेनऊ वर्षांची, मधला मुलगा सहाचा, धाकटी तीनची. नवरा सकाळी आठला हिंजवडीला जायला निघतो, तो रात्री उशिरा परततो. घरात सासूबाई आहेत. मुलांना घरी शिकवायचा निर्णय त्यांनी मनापासून स्वीकारलेला नाही, पण विरोधही करत नाहीत. फक्त संध्याकाळी विचारतात, "आज काय झालं गं अभ्यासाचं?" ताईंना तो प्रश्न परीक्षेसारखा वाटायचा.

फ्रिजवर सुबक वेळापत्रक होतं. आठ ते एक, चाळीस मिनिटांचे तास, प्रत्येक मुलासाठी वेगळा रंग. पहिल्याच तासाला धाकटीला शी यायची, दुसऱ्या तासाला कामवाल्या मावशी बेल वाजवायच्या, मधला काना-मात्रा सोडून टेबलाखाली शिरायचा. मग आवाज चढायचा आणि धाकटीच्या हातात मोबाईल जायचा.

आधी तासांची भीती घालवणं गरजेचं होतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे, म्हणजे दिवसाला साधारण चार तास. पण ते शाळेसाठी, जिथे एका शिक्षकामागे तीस मुलं धरलेली असतात. त्याच वेळात हजेरी होते, वह्या तपासल्या जातात, एका मुलाचं गणित होईपर्यंत बाकीची थांबतात. घरी आई शेजारी बसून शिकवते तेव्हा सहा वर्षांच्या मुलाला वाचन आणि गणित मिळून अर्धा-पाऊण तास पुष्कळ होतो. थोरलीला दीड तास, तोही दोन बैठकांत. हे ऐकल्यावर ताई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी रोज जे करत होते ते कमी नव्हतंच?" नव्हतंच.

मग मी त्यांना आठवडाभर काहीच न बदलता फक्त लिहून ठेवायला सांगितलं: कोण कधी ताजंतवानं असतं, कोण कधी चिडतं, घरातली कुठली गोष्ट रोज ठरलेल्या क्रमाने होतेच. या नोंदींवर माझा फार भरवसा आहे, कारण वेळापत्रक त्या घराच्या चालीतूनच निघायला हवं. वहीत चार गोष्टी पक्क्या निघाल्या: नाश्ता, दुपारचं जेवण, धाकटीची झोप आणि दिवेलागण. या चार खुंट्यांना दिवस टांगायचा असं आम्ही ठरवलं. घड्याळ बघायचं नाही. नाश्ता आठला झाला काय आणि साडेनऊला झाला काय, त्यानंतर काय करायचं ते ठरलेलं.

नाश्त्यानंतर पहिली पंधरा मिनिटं धाकटीची. आईच्या मांडीवर, चित्रांचं पुस्तक किंवा बडबडगीत, मोबाईल नाही. लहान मूल लक्ष मागत असतं, ते आधीच भरपूर मिळालं तर नंतर बराच वेळ एकटं रमतं. मग तिच्यासाठी एक टोपली निघते, डबे-झाकणं, कणकेचा गोळा, जुन्या ओढण्या. ही टोपली एरवी कपाटात, म्हणून तिचं अप्रूप टिकतं. तेवढ्यात मधल्याचं वाचन उरकतं. थोरलीची गणिताची बैठक मात्र धाकटी झोपल्यावर, कारण भागाकार शिकताना कोणी मध्ये ओरडलेलं तिला चालत नाही.

थोरलीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. वेगवेगळ्या वयांची मुलं घरी शिकतात तिथे मोठ्या मुलावर नकळत बिनपगारी शिक्षकाचं काम येतं. "ताई, त्याला जरा दाखव ना", "ताई, हिला बघ गं." ही मुलगी दिवसभर हे करत होती आणि स्वतःच्या अभ्यासाची वेळ आली की पोट दुखतंय म्हणायची. आईला ती आळशी वाटत होती. माझ्या मते ती दमलेली होती. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. शिकवण्याची जबाबदारी तिच्यावर नाही, तिला हौस असेल तेव्हाच तिने दाखवावं. आणि दुपारची ती बैठक फक्त तिची, त्या वेळी आईने फोनही घ्यायचा नाही. पोटदुखीची तक्रार हळूहळू कमी झाली.

सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टी जेवणानंतर. चौथीच्या परिसर अभ्यास भाग 2 मध्ये शिवचरित्र आहे, ते आई मोठ्याने वाचते. थोरली नकाशात किल्ले शोधते, मधला मातीचा बुरूज करतो, धाकटी तीच माती थापटते. सिंहगड जवळच आहे, तिथे एका शनिवारी बाबा तिघांना घेऊन गेले. भाजी आणणं हासुद्धा अभ्यासच. मधला काट्यावरचा आकडा वाचतो, पाव किलोचे किती झाले ते थोरली सांगते, घरी आल्यावर धाकटी बटाटे-कांदे वेगळे करते.

आजारपण, पाहुणे, वीज गेली, अशा दिवसांसाठी छोटा दिवस ठरवला: प्रत्येकाने काहीतरी वाचायचं किंवा ऐकायचं, दोघा मोठ्यांनी दहा मिनिटं गणित, बस्स. तो दिवस वाया गेला असं म्हणायचं नाही.

दहावीचं काय, हा प्रश्न सासूबाईंचा. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पेही आहेत, हे मी त्यांना समोर बसवून सांगितलं. आता दिवेलागणीनंतर मुलं आजीलाच आजचं काही तरी वाचून दाखवतात, त्यामुळे तिला विचारावं लागत नाही.

सगळं मार्गी लागलं असं नाही. मधल्याची जोडाक्षरं अजून अडतात, त्याची मला घाई वाटत नाही. थोरली मात्र हल्ली सोसायटीतल्या मैत्रिणींच्या शाळेबद्दल फार विचारते. तिला पाचवीत शाळेत जायचं असेल तर ते तिला मोकळेपणाने म्हणता यायला हवं. भावंडांसमोर नाही, तिच्या त्या दुपारच्या वेळात तिला विचारा, असं मी ताईंना सांगितलं आहे, आणि उत्तर "हो" आलं तर जूनच्या आधी आम्ही तिघी बसून बोलणार आहोत.