घर त्यांना लागलं, आम्हाला नाही

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४७ वर्षांचा आहे, दिव्याला राहतो. वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. ८२च्या गिरणी संपात ते शेवटपर्यंत राहिले, पुन्हा कामावर गेलेच नाहीत. खोली सोडून आम्ही पाटणकडे गावी गेलो. आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायची. चाळीत आमच्या समोरच्या खोलीतले काका त्याच गिरणीत, त्याच खात्यात होते. ते संप मोडून काही महिन्यांतच पोलीस बंदोबस्तात गिरणीच्या आत, कामावर गेले आणि गिरणी बंद होईपर्यंत पगार घेतला.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडा, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळ, सोडत काढतं. २०२०च्या सोडतीत काकांना घर लागलं. आमचा अर्ज आता आईच्या नावावर आहे, आमचा नंबर येत नाही. काकांच्या मुलाचा कल्याणला स्वतःचा फ्लॅट आधीपासून आहे. तो माझा लहानपणचा दोस्त. वास्तुशांतीचं बोलावणं आलं तेव्हा बायको गेली, मी गेलो नाही. पुढे कळलं की त्यांच्या इमारतीत पाण्याचे हाल आहेत, तर मला मनातून बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

बाबांची गिरणी होती तिथे आता ऑफिसांचा टॉवर आहे, मी तिथेच एसी मेंटेनन्सला आहे. मुलगा कॉलेजात आहे. तो म्हणतो, आजोबा संपात राहिले तेच चुकलं. ताई, ही माझी जळफळ आहे की आमच्यावर अन्याय झालाय?

— एक वाचक, दिवा

उत्तर

जळफळही आहे आणि अन्यायही झालाय. फक्त जळफळ एका दारात उभी आहे आणि अन्याय दुसऱ्याच दारातून आला.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. काका, काकांचा पगार, काकांचं घर, काकांच्या मुलाचा फ्लॅट, काकांच्या इमारतीतलं पाणी. टॉवरबद्दल एक वाक्य आहे, तेही तुम्ही कुठे नोकरी करता हे सांगण्यापुरतं. त्या टॉवरचा मालक तुम्हाला डाचत नाही, समोरच्या खोलीतले काका डाचतात. यात तुमचं काही जगावेगळं नाही. जो आपल्याबरोबर एकाच नळावर रांगेत उभा होता, त्याचंच पुढे जाणं पोटात दुखतं. टॉवरवाला कधी आपल्या रांगेत नव्हताच, म्हणून त्याची आपल्याशी तुलनाच होत नाही. पण हिशेब मांडायचा तर त्या टॉवरपासूनच मांडावा लागेल.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून आजारी पडत, बंद होत गेल्या आणि त्यांच्या खालची जमीन, सगळी मिळून सुमारे ६०० एकर, सोन्याच्या भावाची झाली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. जमीन विकायची किंवा विकसित करायची तर ढोबळ मानाने तिचे तीन भाग करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने एनटीसीच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडाही करून दिला होता, म्हणजे तुकड्यातुकड्याने लचके तोडले जाऊ नयेत. तो आराखडा कागदावरच राहिला.

आणि २००१मध्ये नियम बदलला. तीन वाटे आता सगळ्या जमिनीचे करायचे नव्हते. बांधकाम नसलेली, मोकळी जमीन तेवढी वाटणीला धरायची. तुमच्या बाबांची गिरणी डोळ्यांपुढे आणा. शेड, गोदामं, खाती, कुंपणापासून कुंपणापर्यंत बांधकाम. मोकळी जागा उरली किती? म्हाडाचा वाटा तेवढाच आकसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा अर्थ नाकारला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून २००१चा नियम कायम केला. कायद्यात ते बसलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता एका जमिनीची गोष्ट सांगते. एनटीसीचीच लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल २००५च्या लिलावात ७०२ कोटींना गेली. त्या वेळच्या विक्रीचा पैसा देणी, स्वेच्छानिवृत्ती आणि चालू गिरण्यांच्या आधुनिकीकरणासाठी होता, हेही सांगायला हवं. २०१२मध्ये तीच जमीन एका विकासकाने दुसऱ्याला सुमारे २,७०० कोटींना विकली. आणि त्याच २०१२च्या जूनमध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली. घरं ६,९२५, प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचं.

पुढे २०१६मध्ये दोन आणि २०२०मध्ये एक सोडत झाली. सगळी मिळून घरं सोळा हजारांच्या आत, अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे दर अकरा अर्जांमागे एक घर. त्यातही २०१६ची एक सोडत पनवेलच्या कोनमधल्या घरांची होती, आणि ती लागलेले लोक पुढे कित्येक वर्षं किल्ल्यांची वाट पाहत बसले.

सोडतीत खोट काढायला जागा नाही असं लोक म्हणतात. वशिला नाही, पैसे चारणं नाही, संगणक चिठ्ठी काढतो. हे खरंच आहे आणि त्यासाठी संघटनांनी आग्रह धरला होता. पण सोडत आणखी एक काम करते. सोडत लागेपर्यंत अकराही कुटुंबं म्हणत असतात, ‘आम्हाला घर का नाही?’ सोडतीच्या दुसऱ्या दिवशी दहा कुटुंबं म्हणायला लागतात, ‘त्यालाच का?’ पहिला प्रश्न मंत्रालयात जातो. दुसरा चाळीच्या जिन्यातच फिरत राहतो आणि ज्यांनी वाटा आकसवला त्यांच्यापर्यंत कधी पोचत नाही. तुमच्या रागाचं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं. अकराला अकरा घरं असती तर काकांच्या वास्तुशांतीला तुम्ही पेढे घेऊन गेला असता.

आता संपाचं. हा तुमच्या पत्रातला खरा सल आहे आणि तो मी हलक्याने घेणार नाही. ‘जो फुटला त्याला घर, जो टिकला त्याला काही नाही’ हे कोणालाही टोचेल. मी तेव्हा लालबागला महापालिकेच्या शाळेत शिकवायला होते. त्या उन्हाळ्यात दाखले काढून गावी जाणाऱ्या मुलांनी वर्ग अर्धा रिकामा झाला. जी उरली त्यांच्यात दोन रांगा पडल्या. ज्याचा बाप आत गेला त्याच्या बाकावर दुसरं कोणी बसायचं नाही. एका मुलाच्या दप्तरावर कोणीतरी खडूने ‘फुटीर’ लिहिलं होतं. आठ वर्षांचं पोर ते. मधल्या सुट्टीत तो वर्गातच बसून राहायचा. आत गेलेल्यांच्या घरी पगार येत होता हे खरं, पण त्या घरांनाही चाळीत मान वर करून चालता येत नव्हतं. कोणी लाचारीने गेला, कोणी भीतीने, कोणी मुकादमाच्या आग्रहाने, आणि कोणी निव्वळ स्वार्थानेही गेला. तुमचे काका यातले कोण, हे मला माहीत नाही. तुम्ही तेव्हा चार वर्षांचे होतात, म्हणजे तुम्हालाही ते ऐकूनच माहीत आहे. काका हयात असतील तर त्यांना विचारा. त्यांनी काय सांगावं यावर माझा काही अंदाज नाही, पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीवर एका दोस्तीचा निकाल लावू नका.

नियमाने मात्र हा भेद केला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर जो हजेरीपटावर होता तो पात्र. संपात टिकलेला आणि आत गेलेला, दोघेही. हे घर शौर्याचं बक्षीस ठरवलं असतं तर ‘कोण किती टिकला’ याचे दाखले कोणी दिले असते? ज्या मालकांनी माणसं आत नेली त्यांच्याच रजिस्टरवरून? कामगारांच्या श्रमावर ती जमीन वाढली म्हणून तिच्यात त्यांचा वाटा, इतकी साधी ही मागणी आहे. कल्याणच्या फ्लॅटचंही तेच. घर गरजूंना वाटायची ही खिरापत असती तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. ते वडिलांच्या कामाचं देणं आहे. देणं फेडताना मुलाकडे आधी काय आहे ते बघत नाहीत. उद्या तुमच्या आईचा नंबर लागला आणि कोणी म्हणालं, ‘यांच्याकडे दिव्याला खोली आहे की,’ तर तुम्ही काय म्हणाल?

पाणी येत नाही हे ऐकून बरं वाटलं, त्याची लाज वाटते असं तुम्ही लिहिलंत. त्या लाजेवर मी आणखी मीठ चोळणार नाही. पण अशा वेळी मनाला विचारायचा एक प्रश्न मला उपयोगी वाटतो: समोरच्याचं गेलं तर माझं काय येईल? उद्या काकांचं घर रद्द झालं तर ते यादीतल्या तिसऱ्याच कोणाला तरी जाईल, तुमच्या दिव्याच्या खोलीत एक फूट वाढणार नाही. इथे उत्तर शून्य येतं, म्हणून हा मत्सर. हाच प्रश्न २००१च्या नियमाबद्दल विचारा. तो बदल झाला नसता तर म्हाडाच्या हाती कितीतरी जास्त जमीन आली असती, घरं वाढली असती आणि तुमच्या आईचा नंबर जवळ आला असता. तिथे उत्तर शून्य येत नाही. तिथला तुमचा राग रास्त आहे. तो जाऊ देऊ नका, कोणी ‘दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही’ म्हणून हिणवलं तरी. टॉवरकडे बघून प्रश्न विचारणाऱ्याला मत्सरी ठरवणं ही फार सोयीची युक्ती आहे, आणि ती सहसा टॉवरच्या बाजूनेच वापरली जाते.

हे सांगताना मला हेही दिसतं की त्याच टॉवरमुळे तुमच्या घरची चूल पेटते. तिथे नोकरी करणं आणि त्या जमिनीत वाटा मागणं यात काही विसंगती नाही. बाबाही मालकाच्या गिरणीत काम करूनच मालकाशी भांडले होते.

राहिला मुलगा. त्याला सांगा की आजोबा नुसत्या पगारवाढीसाठी बाहेर पडले नव्हते. बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं, नाहीतर परत खोलीवर, असं वर्षानुवर्षं जगणारी माणसं होती ती. आणि बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा ही मागणी होती, कारण १९४६च्या त्या कायद्याने गिरण्यांत एकाच संघटनेला मान्यता असायची. कामगाराला ती नको असली तरी बोलणी तीच करणार. संप हरला, हे त्याच्यापासून लपवू नका. पण हरल्यावर सगळे घरी बसले नाहीत, हेही त्याला सांगा. मॉडर्न मिलचे दत्ता इस्वलकर आणि त्यांच्यासारख्या कामगारांनी १९८९मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली, उपोषणं केली, मोर्चे काढले, आणि गिरणीच्या जमिनीवर कामगाराला घर ही गोष्ट सरकारला मान्य करायला लावली. आधी ती कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. इस्वलकर २०२१मध्ये गेले. काकांना लागलेलं घर त्या लढ्यातून आलंय, आणि तो लढा तुमच्या बाबांसारख्यांच्या संपातून. आजोबांचं चुकलं असं म्हणणाऱ्या नातवाला हे माहीत असायला हवं.

आता कामाचं. बाबांची कागदपत्रं एका जागी काढून ठेवा: तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, सर्व्हिस सर्टिफिकेट, रजेचा पास, जे असेल ते. २०२३पासून म्हाडाने सोडतीआधीच पात्रता तपासायचं काम हाती घेतलं आहे. आईची फाईल त्यात पूर्ण झाली आहे का, ते स्वतः जाऊन बघा. वारसाच्या कागदात नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी फाईल अडते. मुंबईबाहेर, शेलू-वांगणीला देऊ केलेल्या घरांबद्दल कोणी सही मागितली तर संघटनेत दाखवल्याशिवाय करू नका. ती घरं नाकारली तर हक्कच जाईल, अशी अट सरकारी निर्णयात घातली होती, म्हणून तर जुलै २०२५मध्ये सगळ्या संघटना आझाद मैदानात एकत्र आल्या. मुंबईतच घर हवं ही मागणी तिथे पुन्हा झाली.

अशा मोर्चांना घर लागलेली माणसंही येतात, मी पाहिलंय. त्यांना आता काही मिळवायचं नसतं, तरी येतात. पुढच्या वेळी निघाल तेव्हा तुमच्या दोस्ताला फोन करून बघा.