वादकांचा सन्मान कसा करावा: आमच्या एका फसलेल्या कार्यक्रमावरून

निपाणीच्या ताईंचा प्रश्न वाचला आणि काही वर्षांपूर्वीची आमची फजिती पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली. ताईंनी लिहिले आहे की, मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा मोठा वाद्यवृंद, ऐकून आल्यापासून त्यांच्या वाचनालयाची मंडळी भारावून गेली आहेत आणि त्याच वाद्यवृंदातील चार तंतुवादकांना वर्धापनदिनी निपाणीस बोलवायचे ठरले आहे. टाळ्या केव्हा वाजवाव्यात, सत्कार कसा करावा आणि सभागृहाच्या परवानगीचे अडलेले घोडे कसे हलवावे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत कसे गुंततात ते आम्ही बेळगावात भोगले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी संगीताचा जाणकार नाही, बँकेतून निवृत्त झालेला एक हौशी श्रोता आहे. तेव्हा माझे म्हणणे अनुभव म्हणून वाचावे, नियम म्हणून नव्हे. वेळेवर येणे, मोबाइल बंद ठेवणे वगैरे गोष्टी आपणांस ठाऊकच आहेत.

आमची सर्वांत महागात पडलेली चूक एका शब्दाची होती. सभागृहासाठी केलेल्या अर्जाच्या विषयाच्या ओळीत मी ‘सिंफनी ऑर्केस्ट्रातील वादकांचा कार्यक्रम’ असे लिहिले. आपल्या भागात ऑर्केस्ट्रा म्हणजे गणेशोत्सवात किंवा गावच्या लक्ष्मी यात्रेत मंच घालून होणारा हिंदी, मराठी आणि कन्नड गाण्यांचा कार्यक्रम, हे मी विसरलो. अर्ज घेणाऱ्या कार्यालयातल्या गृहस्थांनी तो शब्द वाचला आणि दुसरा एक छापील नमुना पुढे केला. त्यात ध्वनिक्षेपकांची संख्या लिहिण्याचा रकाना होता. मी शून्य लिहिले. शून्य असेल तर ध्वनिक्षेपकाचा परवाना देता येत नाही आणि त्या परवान्याची प्रत जोडल्याशिवाय ऑर्केस्ट्रासाठी सभागृह मिळत नाही, असे उत्तर मिळाले. आम्हांला ध्वनिक्षेपक नकोच आहे, ही चार वाद्ये लाकडाच्या पोकळीतून जेवढी वाजतात तेवढीच ऐकायची असतात, असे मी माझ्या मोडक्या कन्नडात आणि सोबतच्या कन्नड मित्राने उत्तम कन्नडात समजावले. ते गृहस्थ सभ्य होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, लाउडस्पीकर नसलेला ऑर्केस्ट्रा मी अजून पाहिलेला नाही.” दोष भाषेचा नव्हता आणि त्यांच्या वृत्तीचाही नव्हता. रकान्यात शून्य बसत नव्हते, इतकेच.

पाच हेलपाटे झाले. कार्यालयाचे नाव लिहिणार नाही, कारण आता तिथली माणसेही बदलली असतील आणि मला भांडण उकरून काढायचे नाही. परंतु ज्यांचे काम लोकांना सभागृह मिळवून देणे हे आहे, त्यांना आपल्या नमुन्यात न बसणारी एखादी गोष्ट जगात असू शकते असे सुचत नाही, याचा मनस्ताप मला आजही होतो. कार्यक्रमाला चार दिवस उरले तेव्हा मी हार पत्करली, रकान्यात दोन हा आकडा घातला आणि परवाना खोटा ठरू नये म्हणून दोन ध्वनिक्षेपक भाड्याने आणले. आणलेच आहेत तर असू द्यावेत म्हणून मंडपवाल्याने प्रामाणिकपणे एक माइकही मंचाच्या कडेला उभा केला. त्या माइकने पुढचा घात केला.

कार्यक्रमात ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडन याची ‘एम्परर’ नावाने ओळखली जाणारी चौकडी होती. दोन व्हायोलिने, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडे मोठे) आणि एक चेलो (बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे मोठे वाद्य) अशा चार वाद्यांची ही रचना 1797 मधली असून तिचे चार भाग आहेत. दुसरा भाग संथ आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी हायडनने स्वतःच बांधलेल्या स्तुतिगीताची चाल त्यात घेतली आहे आणि तीच चाल आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची आहे. गंमत अशी की, चाल एकदा सांगून झाल्यावर ती चार वेळा पुन्हा येते आणि दर वेळी वेगळ्या वादकाच्या हाती जाते: आधी दुसरे व्हायोलिन, मग चेलो, मग व्हिओला आणि शेवटी पहिले व्हायोलिन. चाल फारशी बदलत नाही, तिच्या भोवतीचे बाकीचे तिघे बदलतात. आपल्याकडे एकाच बंदिशीचा मुखडा दर आवर्तनानंतर नव्या वाटेने गाठण्याची सवय असलेल्या कानांना हे लगेच कळते. ज्या तालुक्यातल्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला तिथल्या श्रोत्यांना पाश्चात्त्य संगीत झेपणार नाही, असे मला कधीच वाटले नव्हते आणि ते खरे ठरले. व्हिओलाची पाळी आली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या तोंडून अगदी हळू “वा” निघाला.

तो भाग फार हळुवार संपतो. वादकांनी गज तारांवरून उचलले आणि ते तसेच हवेत धरले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ती शांतता म्हणजे कार्यक्रम संपल्याची खूण, असे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना वाटले. समोर माइक होताच. तो आयता नसता तर ते आधी माझ्याकडे वळले असते आणि मी त्यांना थोपवले असते. पण ते सरळ उठले, माइक हाती घेतला आणि “यानंतर कलाकारांचा शाल, श्रीफळ देऊन यथोचित सत्कार होईल” असे जाहीर केले. तबके घेतलेल्या मुली विंगेत तयारच होत्या.

पुढची सात मिनिटे मी विसरू शकत नाही. चेलो गुडघ्यांमध्ये धरून बसलेल्या वादकाला उभे राहता येईना, म्हणून त्याच्या मांडीवर नारळ ठेवला गेला आणि तो घरंगळू नये म्हणून त्याने कोपराने दाबून धरला. पहिल्या व्हायोलिनच्या बाईंच्या खांद्यावर घातलेली शाल वाद्यावरून घसरली. त्यांच्या गळ्यात घातलेल्या हारावर नुकतेच पाणी शिंपडलेले होते. त्याचे तीन-चार थेंब व्हायोलिनच्या पॉलिशवर पडले. त्यांनी चेहऱ्यावरचे हसू ढळू न देता रुमाल काढला आणि वाद्य पुसले, पुन्हा पुसले, मग प्रकाशाकडे तिरपे धरून पाहिले. तोवर अध्यक्षांचे भाषण सुरू झाले होते. सत्कार उरकल्यावर कार्यक्रम संपला अशा समजुतीने निम्मे लोक बाहेर पडले आणि उरलेले दोन भाग चौघांनी अर्ध्या रिकाम्या सभागृहात वाजवले. फिल्मी गाण्यांच्या अपेक्षेने आलेले तर आधीच गेले होते, कारण फलकावरही मी तोच शब्द छापला होता.

अध्यक्षांना दोष देण्यात अर्थ नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांच्यासोबत अर्धा तास बसून चार भाग कोणते, मध्ये शांतता कुठे येते, हे सांगायचे मी ठरवले होते. तो अर्धा तास ध्वनिक्षेपकांची पावती आणण्यात गेला.

आता टाळ्यांविषयी. हल्लीचा शिष्टाचार असा की सगळे भाग संपून वादकांनी हात खाली घेतल्यावरच टाळ्या वाजवाव्यात. परंतु मध्येच टाळ्या पडल्या तर लाजून कोणाकडे डोळे वटारू नयेत. 1778 साली पॅरिसमध्ये स्वतःच्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठी बांधलेल्या अनेक भागांच्या रचनेचा, पहिला भाग चालू असतानाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा संगीतकार मोझार्टने वडिलांना ते आनंदाने पत्रात कळवले होते. लोकांना आवडेल असा एक तुकडा त्याने हेरून ठेवला होता आणि लोक नेमके तिथे भुलले, याचे त्याला समाधान होते. बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग 1813 मधल्या पहिल्याच कार्यक्रमात श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला. म्हणजे दाद देण्याची आपली रीत त्यांच्या पूर्वजांनाही परकी नव्हती. माझे मत विचाराल तर त्या वृद्ध गृहस्थांचा हळू “वा” मला सातही मिनिटांच्या सत्कारापेक्षा मोलाचा वाटला, आणि रात्री जेवताना व्हिओलावादकाने “ते कोण होते?” असे विचारलेही. काही कडक मंडळींना हे पटणार नाही. त्यांनी आपल्या सभागृहात आपला नियम ठेवावा.

आपण मुंबईत ज्या वाद्यवृंदाला ऐकलेत, तो बहुधा मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया असावा. 2006 मध्ये खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी तो उभा केला. तिथे वाजवणाऱ्यांत परदेशी वादक बरेच असतात. मुंबईत या संगीताचे वेड मात्र जुने आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 मध्येच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला होता आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांना चोर्ला घाटापलीकडच्या गोमंतकीय वादकांनी हात दिला, हे आपण जाणताच. हे सांगण्याचे कारण असे की, अशा वाद्यवृंदातल्या माणसाला नावाने दाद मिळण्याची वेळ फार क्वचित येते. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य वाजवणारे तीन भाग हात बांधून बसतात आणि चौथ्या भागातच पहिला सूर काढतात. द्वोराकच्या नवव्या सिंफनीत झांजा वाजवणाऱ्याच्या वाट्याला एकच आघात येतो. अखेरीस वाद्यवृंदाचे संचालक (कंडक्टर) एकेका वादकाला किंवा गटाला उभे करतात, त्या वेळी टाळ्यांचा जोर ओसरू देऊ नये. मी स्वतः तेव्हा शाल पांघरत किंवा चप्पल शोधत असे. आता तसे करीत नाही.

म्हणून सत्काराबाबत माझा आग्रह असा की, मंचावर काहीही देऊ नये. मानधनाचे पाकीट वाजवण्याआधी, आत, शांतपणे द्यावे. मंचावर ते हलवून दाखवणे मला असभ्य वाटते. शाल द्यायचीच असेल तर जेवणाच्या वेळी घडी करून हातात द्यावी, सोबत कुंदा किंवा गोकाकचा करदंट अशी इकडची मिठाई द्यावी, ते त्यांना खरोखर आवडते. हार नको. कार्यक्रमपत्रिकेत मात्र चारही वादकांची नावे त्यांच्या वाद्यासह, मराठीत आणि कन्नडमध्ये, रचनेच्या नावापेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत छापावीत, आणि रचनेच्या चारही भागांची एकेक ओळ त्याखाली द्यावी. नंतर भेटायला जाल तेव्हा “कार्यक्रम फार छान झाला” असे म्हणण्यापेक्षा कोणती जागा आवडली ते सांगावे. “चेलोकडे चाल आली तेव्हा” इतके जरी म्हटले तरी त्यांचा चेहरा बदलतो, हे मी पाहिले आहे.

काही किरकोळ बाबी आठवल्या तशा लिहितो. खुर्च्या हात नसलेल्या हव्यात, नाहीतर गज ओढताना कोपर अडतो. रंगीत फिरते दिवे लावू नयेत, कारण स्वरलेखन वाचता येत नाही. वर स्थिर पांढरा प्रकाश असावा. पंखे मंचाकडे असतील तर पाने उडतात, त्यासाठी कपडे वाळत घालण्याचे चिमटे आठ-दहा आणून ठेवावेत. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा लाकडाला आणि तारांना सोसत नाही, शिवाय पत्र्यावरचा पाऊस सगळे गिळून टाकतो. डिसेंबर किंवा जानेवारी उत्तम, पंखेही बंद ठेवता येतात. जनित्र सभागृहाच्या भिंतीला टेकलेले नसावे. वाजवण्याआधी वादकांना पोटभर जेवू घालू नये, आम्ही पुरणपोळीचा आग्रह केला होता.

परवानगीबद्दल एवढेच सांगतो की, अर्जात आणि फलकावर ऑर्केस्ट्रा हा शब्द कुठेही घालू नका. ‘चार तंतुवाद्यांच्या वादनाची बैठक, ध्वनिक्षेपकाविना’ असे लिहा, ती ओळ कन्नडमध्येही द्या आणि शक्य असेल तर वाचनालयाचेच दालन वापरा. दीडशे माणसांपुढे ही चौकडी माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोहोचते. प्रत्येक कार्यालयाचे नियम वेगळे असतात, तेव्हा तिथे जाऊन खात्री करून घ्यावी. आणि कोणी ध्वनिक्षेपकांची संख्या विचारलीच तर माझ्यासारखा दोन हा आकडा घालून मोकळे होऊ नये, वरिष्ठांकडून तसे लेखी उत्तर मागावे. लेखी मागितल्यावर रकान्यात शून्यही बसते, असे पुढच्या खेपेला आमच्या लक्षात आले.

त्या पुढच्या खेपेसाठी आम्ही हात नसलेल्या चार लाकडी खुर्च्या बनवून घेतल्या होत्या. त्या आमच्या संस्थेत पडूनच आहेत. निपाणीला टेंपो पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवावे, मी त्या पुसून, पाय डगमगत नाहीत ना ते पाहून ठेवतो.