पंधराव्या वर्षी, शाळा सांभाळून, बडोद्यात पहिले अर्धवेळ काम कसे मिळवावे?

तू लिहिले आहेस की तू नववीत आहेस, मांडवीजवळ राहतेस, रोजचे दोन-तीन तास मोकळे असतात आणि घरचे म्हणतात, "ओळखीच्या कोणाकडे तरी चिकटवून देऊ." काम कुठे मिळेल, हे मी चार ओळींत सांगते. नवरात्रीच्या आधी मंगळबाजारातील चणियाचोळीच्या दुकानांत, जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानांत आणि डिसेंबरपासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे मकरसंक्रांतीपर्यंत, गेंडीगेट रस्त्यावरील पतंगवाल्यांकडे हात कमीच पडत असतात, तेव्हा दुपारी गिऱ्हाईक नसताना जाऊन सरळ विचारावे. बारमाही काम हवे असेल, तर आपल्याच सोसायटीतील पहिली-दुसरीच्या मुलांचा गृहपाठ घ्यावा. मला खरे बोलायचे आहे ते तुझ्या प्रश्नातल्या 'ओळखीच्या' या शब्दाबद्दल.

१९९६ च्या डिसेंबरात मीही नववीत होते. गेंडीगेट रस्त्यावर पतंगांचे दुकान असलेले एक गृहस्थ माझ्या काकांच्या ओळखीचे होते. मला काम करायचे होते आणि काकांना ते मुळीच पसंत नव्हते. आमचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, ते काय दुकानात बसायला केले का, असे काका विचारत. शेवटी आईने माझी बाजू घेतली, तेव्हा काका मला घेऊन गेले खरे, पण वाटेत त्यांनी एक अट घातली: "शिकायला म्हणून जा. घरोब्याच्या माणसाकडे पैशाची भाषा करायची नाही."

माझे काम किन्ना, म्हणजे मांजा जोडण्यासाठी पतंगाला लागणारी दोऱ्याची कन्नी, बांधण्याचे होते. पतंगाचा ढड्ढा (मधली उभी काडी) आणि कमान (आडवी वाकवलेली काडी) जिथे एकमेकांवरून जातात, तिथे अगरबत्तीच्या काडीने दोन बाजूंना दोन भोके पाडायची, खाली ढड्ढ्याच्या दोन बाजूंना आणखी दोन, दोरा ओवून मागे गाठ मारायची आणि मग वरचा व खालचा दोरा बोटांवर मोजून मधली गाठ घ्यायची. ती गाठ चुकली तर पतंग हवेत उभा राहत नाही. शिवाय कागद इतका पातळ असतो की काडी जरा जोरात गेली तर पतंगच वाया जातो. पहिल्या दिवशी माझ्या चार कोड्या झाल्या, म्हणजे ऐंशी पतंग. दहाव्या दिवसापासून रोज दहा कोड्यांपर्यंत हात बसला. शेजारी बसणाऱ्या दोन बायकांना कोडीला एक रुपया मिळत असे, हे मला तिसऱ्या दिवशीच कळले होते. विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर मी रोजचा आकडा लिहीत गेले आणि १३ जानेवारीला, चोविसाव्या संध्याकाळी, बेरीज १९० कोड्यांची झाली.

वाशी उत्तरायण, म्हणजे उत्तरायणाचा दुसरा दिवस, उलटल्यावर काका मला हिशेबासाठी नव्हे, तर आभार मानायला म्हणून दुकानात घेऊन गेले. मालकांनी मला एक फिरकी आणि एक पाकीट दिले. पाकिटात एक्कावन्न रुपये होते. तो शकुन होता, मजुरी नव्हती. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आकडा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बेटा, तुझ्या काकांनी तर सांगितले होते की मुलीला हौस आहे. तू कधी विचारलेच नाहीस." एवढे बोलून त्यांनी गल्ला उघडला. त्यांचा हात नोटांवर होता, तेवढ्यात काका म्हणाले, "राहू द्या हो, घरचीच मुलगी आहे." गल्ला बंद झाला.

मालकांना मी आजही दोष देत नाही. दोष काकांचा होता आणि तो आमच्या नोकरदार मराठी घरांत अजून आहे. मोबदला विचारणे हा उद्धटपणा, असे आपण मुलांना शिकवतो आणि त्यालाच संस्कार म्हणतो. काका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि दर उत्तरायणाला गच्चीवर हाच वाद पुन्हा निघतो. ते म्हणतात, "नाते टिकले." मी म्हणते, नाते त्यांचे टिकले, एकशे एकोणचाळीस रुपये माझे गेले. त्या पैशांत मला कंपासपेटी आणि पुढच्या वर्षाची गाइडे घ्यायची होती, ती नंतर वडिलांकडे मागावी लागली, आणि ते मागणे मला टाळायचे होते म्हणूनच तर मी काम धरले होते.

पुढच्या डिसेंबरात, दहावीचे वर्ष असूनही, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात मी एकटी गेले आणि बसण्यापूर्वी कोडीचा भाव विचारला. ते ऐंशी पैसे म्हणाले, मी एक रुपया म्हटले, नव्वदवर ठरले आणि दर शनिवारी रोख मिळाले. काका होळीपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत. म्हणून तुला सांगते की ओळखीने जायचेच असेल, तर ओळख दारापर्यंत असू दे. पुढचे बोलणे तू स्वतः कर, आणि मजुरी रोजाने की नगावर, ती कोणत्या वारी मिळणार आणि माल फाटला तर कापणार का, हे तिन्ही आधीच विचारून घे.

कायद्याचेही ध्यानात ठेव. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलांना, कलाकार म्हणून केलेले काम सोडल्यास, फक्त घरच्या व्यवसायात, तेही शाळेनंतर किंवा सुट्टीत, मदत करता येते. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर घेता येत नाही. दुकानासारख्या ठिकाणी सलग तीन तासांहून अधिक काम नको, आणि संध्याकाळी सातनंतर मुळीच नको. मालक "आठपर्यंत थांब" म्हणाला, तर उठून यायचे. मांजाला काच लावण्याच्या कामाला तर कोणी कितीही दिले तरी जाऊ नकोस, बोटे कापतात आणि काचेची भुकटी नाकातोंडात जाते. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँका उघडून देतात. ते तुझ्याच नावाने उघड.

दहावीच्या वर्षी काम करणे मला झेपले, पण सगळ्यांना झेपेलच असे नाही, तेव्हा तू यंदाच करून घ्यावेस हे बरे. दुकान कोणते आणि परत किती वाजता येणार, हे आईला ठाऊक असू दे. आणि भाव विचारताना जीभ अडखळलीच, तर गुजरातीत "रोजना केटला आपशो?" एवढे म्हटले तरी पुरे आहे.