माफीची घाई कुणासाठी?

प्रश्न : ‘सुपरगर्ल’ या अमेरिकी मालिकेत नायिका काराचा प्रियकर मॉन-एल आपण डॅक्सम ग्रहाचा राजपुत्र असल्याचं लपवतो, तरी कारा त्याला माफ करते. माझी लेक म्हणते, प्रेम असंच असतं. तिला काय सांगू? – एक आई, फोंडा

उत्तर : ताई, माफी नव्हे, घाई खटकते. सीझन २, भाग १६मध्ये खोटं उघड होतं. लगेच ‘द फ्लॅश’ या दुसऱ्या मालिकेच्या संगीतमय भागात (मार्च २०१७) दोघं पुन्हा एकत्र! काराने मैत्रीण लीनापासून आपण सुपरगर्ल असल्याचं लपवलं, तेव्हा मात्र सीझन ५ जवळजवळ त्या दुराव्यातच गेला. ती मैत्री होती, मान्य. तरी तराजू वेगळाच.

लेकीसोबत बघताना मोजा : माफीपर्यंत किती भाग गेले? त्याने चूक कबूल केली, की नुसती कारणं दिली? पुढे वागणं बदललं? मग खोटं काराच्या तोंडी घालून तोच प्रसंग पुन्हा बोलून बघा.