‘घरीच असते’ असं उत्तर आलं तर?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, एमए समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या कामावर डेझर्टेशन करतेय. गाइड म्हणाले गुगल फॉर्म बनव, शंभर भरून घे आणि दुसऱ्या चॅप्टरमध्ये मार्क्स, वेबर, स्त्रीवाद टाक. गावात थोडे फॉर्म भरले तर ‘काय काम करता’ला बऱ्याच जणींनी ‘काही नाही, घरीच असते’ सांगितलं, आणि त्याच बायका अख्खा सीझन कारखान्यावर होत्या! हा डेटा चुकीचा धरायचा का? आणि थिअरी नक्की लावायची कुठे?

उत्तर : ते फॉर्म अजिबात टाकून देऊ नका. दिवसभर उसाच्या फडात मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, रात्री ट्रक आला की उठून भरायला जायचं, आणि एवढं करणारी बाई ‘घरीच असते’ म्हणते, तर ती असं का म्हणते हे शोधणं हाच मला तुमचा खरा विषय वाटतो. तिकडे हिशेब कोयत्याचा होतो म्हणजे नवरा-बायको मिळून एक, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक नवराच घेतो, पैसा त्याच्या हातात येतो, मग स्वतःचं काम वेगळं मोजायची वेळ तिच्यावर येणार कधी?

आणि हे फक्त तुमच्याच फॉर्ममध्ये झालंय असं नाही. जनगणनेत बायकांचं काम कमी नोंदलं जातं अशी तक्रार जुनी आहे, म्हणून १९९१ ला कामाच्या प्रश्नातच शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामसुद्धा धरा असे शब्द घातले होते. २०१९ च्या केंद्राच्या वेळ-वापर सर्व्हेत तर पद्धतच वेगळी होती, आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास घ्यायचे आणि अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं ते विचारत जायचं. त्यातून आलं की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७. तुम्हीही तेच करा. ‘काय काम करता’ हा प्रश्न काढून टाका आणि ‘काल किती वाजता उठलात, मग काय केलं, मग?’ असं विचारत जा. पाणी, भाकरी, लेकराला फडाच्या कडेला निजवणं, मोळ्या, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकणं, सगळं आपोआप येतं, फक्त मध्ये बोलायचं नाही आणि घाई करायची नाही.

गुगल फॉर्मचं मात्र मला पटत नाही. फोन कोणाच्या हातात असतो ते तुम्हाला माहितीय, फॉर्म नवरा नाहीतर कॉलेजातला मुलगा भरणार. छोटा छापील फॉर्म स्वतः बसून भरा, शंभर नाही झाले तरी चालेल. पण ओळखीओळखीतून घेतलेल्या सॅम्पलवरून ‘जिल्ह्यातल्या इतक्या टक्के बायका’ असं वाक्य लिहू नका, तेवढ्या सॅम्पलला ते झेपत नाही. त्याच्या जोडीला पंधरा-वीस सविस्तर मुलाखती आणि जमलं तर कोप्यांवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर, काही दिवस मुक्काम.

मुक्काम कुठे करताय याचा नीट विचार करा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ ला म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले, पुस्तकात त्याला रामपुरा नाव दिलंय, ‘प्रबळ जात’ (संख्या, जमीन आणि सत्तेच्या जोरावर गावात वरचढ असलेली जात) ही कल्पना याच कामातून पुढे आली. पण ते राहिले गावच्या प्रमुखाच्या आसऱ्याने, आणि त्यामुळे आपल्याला गाव बराचसा वरच्या जातींच्या बाजूने दिसला हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एवढा मोठा माणूस, तरी बसायची जागा ठरली की कोण बोलणार आणि कोण गप्प राहणार हेही ठरून जातं. तुम्ही मुकादमाच्या ओळखीने गेलात, तो शेजारी उभा राहिला, तर उचलीबद्दल एक बाई खरं बोलणार नाही. गर्भपिशवी काढल्याचा विषय तर पहिल्या भेटीत काढूच नका, तिने स्वतःहून काढला तर ऐका, आणि नाव-गाव वहीतसुद्धा बदलून लिहा.

आता थिअरी. दुसऱ्या चॅप्टरमध्ये तीन नावं टाकून तिसऱ्यापासून विसरून जायचं, असं बहुतेक डेझर्टेशनमध्ये होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण थिअरीमुळेच प्रश्न सुचतात. मार्क्स घेतला की तुम्ही उचल कशी फिटते, फिटतच नाही तर पुढच्या सीझनला काय होतं, हे विचाराल. स्त्रीवाद घेतला की कोयत्याच्या आत शिराल, दोघांच्या मजुरीत तिची किती, कोपीवरचं काम कोणाच्या खात्यात. आणि पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये मांडलेली, जात आणि बाईपण एकत्र बघणारी दलित स्त्रीवादी भूमिका वाचाच, मग वंजारी बाई आणि बौद्ध बाई एकाच फडात असल्या तरी दोघींचा अनुभव एकच धरायचा का, हा प्रश्न पडेल आणि कोप्या कोणाशेजारी कोणाच्या आहेत याचा नकाशा काढावासा वाटेल. वेबर तुमच्या या विषयात फार उपयोगी पडेल असं मला वाटत नाही, नाही घेतला तरी चालेल. दोनच घ्या पण प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने लिहा, हा कशातून आला.

गाइडना हे पटवायचं तर जुने फॉर्म आणि चोवीस तासांच्या नोंदी, त्याच बायकांच्या, शेजारी-शेजारी टेबलावर ठेवा. पाच-सहा जणींच्याही पुरतील.