तंबाखूच्या व्यसनाला डॉक्टर मानसिक विकार का म्हणतात?

वडिलांच्या केसपेपरवर 'तंबाखू वापर विकार' वाचून तुम्ही घाबरलात, पण याचा अर्थ वेड नव्हे. अमेरिकन मानसोपचाराच्या सूचीत तंबाखूचं अवलंबित्व 1980 पासून आहे. आताचं नाव 2013 चं. 11 पैकी किमान 2 लक्षणं वर्षभरात दिसली की निदान होतं. नुसतं खाणं पुरेसं नाही, सोडायचं ठरवूनही न सुटणं हे त्यातलं मोठं लक्षण.

आमचे आप्पा कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध घालायला जायचे. चुन्याची डबी घरी राहिली की म्हशीवरसुद्धा खेकसायचे. आम्ही त्याला स्वभाव समजलो. ती निकोटिन उतरल्याची चिडचिड होती. वडिलांना रागावू नका, 1800-11-2356 वर मोफत सल्ला मिळतो.