पोर्ट ऑफ स्पेनला सेवेसाठी चाललोय, काय माहीत असावं?

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी आणि माझे मिस्टर मंडळीतर्फे सहा महिने त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनला सेवेसाठी चाललोय, जानेवारीत निघायचंय. तिथे भारतीय वंशाचे खूप लोक आहेत म्हणे, मग हिंदी चालेल का? खाणं-पिणं, फिरणं कसं असतं? आणि कार्निव्हलबद्दल इतकं ऐकलंय की थोडी भीतीच वाटतेय.

उत्तर : जय ख्रिस्त! आम्ही तिथे तीन वर्षं होतो त्यामुळे तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. सगळ्यात आधी एक सांगते, तिथे गेल्यावर पहिलं वाक्य गुड मॉर्निंग. दुकानात शिरताना, टॅक्सीत बसताना, दवाखान्यात रांगेत उभं राहताना, सगळ्यांना उद्देशून मोठ्याने म्हणायचं. मी पहिल्याच आठवड्यात एका दुकानात शिरून थेट ब्रेड कुठे आहे विचारलं तर काउंटरवरच्या मावशींनी माझ्याकडे बघून नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं आणि मी परत म्हणेपर्यंत उत्तरच दिलं नाही, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं ना. आणि रात्री भेटल्यावर गुड नाइट म्हणतात, तो निरोप नाही, नमस्कार आहे!

हिंदी चालणार नाही. ३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून भारतातले पहिले मजूर आले आणि १९१७ पर्यंत येत राहिले, बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशकडचे, म्हणजे घरात भोजपुरी होती पण आता ती फार थोड्या म्हाताऱ्या माणसांकडे उरलीय. सगळे त्यांच्या ढंगाचं इंग्लिश बोलतात, पहिला महिना कानाला त्रास होईल. जस्ट नाऊ म्हणाले तर लगेच नाही, थोड्या वेळाने असा अर्थ घ्यायचा. लाइम करणं म्हणजे निवांत गप्पा मारत बसणं, त्याला नाही म्हणू नका, मनातलं बोलणं तिथेच होतं.

आता सेवेबद्दल मनापासून. आपण सुवार्ता पहिल्यांदा घेऊन चाललोय असं मनात धरून जाऊ नका. १८६८ मध्ये जॉन मॉर्टन नावाचे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी तिथल्या भारतीयांमध्ये कामाला लागले, हिंदी शिकले, शाळा काढल्या, त्या शाळांमुळे मजुरांची मुलं शिक्षक झाली, पण नोकरीसाठी धर्म बदलावा लागला ही सलही काही घरांत अजून आहे. दुसरीकडे स्पिरिच्युअल बाप्टिस्ट म्हणून आफ्रिकन वंशाच्या लोकांची मंडळी आहे, डोक्याला फडकं बांधून, घंटा वाजवून, मोठ्या आवाजात प्रार्थना करतात, त्यांच्या उपासनेवर १९१७ ते १९५१ कायद्याने बंदी होती! ती बंदी उठली म्हणून आता ३० मार्चला सार्वजनिक सुट्टी असते, तुम्ही तेव्हा तिथेच असाल, कुणी बोलावलं तर नक्की जा. आधी त्यांची साक्ष ऐका, तुमची नंतर सांगा.

कार्निव्हलला घाबरू नका. राखेच्या बुधवाराच्या आधीचे सोमवार-मंगळवार, सोमवारी पहाटे अंधारातच जूव्हे म्हणजे कार्निव्हलची सुरुवात होते, लोक अंगाला चिखल, रंग फासून रस्त्यावर नाचतात. खूप मंडळ्या त्या दिवसांत शहराबाहेर शिबिरं घेतात, तुमच्या पाळकांना आत्ताच विचारून ठेवा. पण त्याआधी एखाद्या संध्याकाळी पॅनयार्डमध्ये, म्हणजे वादकांच्या सरावाच्या अंगणात जाऊन स्टीलपॅनची प्रॅक्टिस जरूर ऐका, तेलाच्या पिंपांपासून बनवलेलं हे वाद्य ह्याच शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये जन्मलं. लॅव्हेंटिल ही त्यातलीच एक टेकडीवरची वस्ती, पण तिथे आणि इतरही काही भागांत टोळ्यांचा त्रास आहे म्हणून एकटं जायचं नाही, मंडळीतलं कुणीतरी सोबत हवंच, रात्री तर नकोच.

फिरायला मॅक्सी टॅक्सी, म्हणजे छोट्या मिनीबस, शहरातल्या पिवळ्या पट्ट्याच्या, पूर्वेकडे जाणाऱ्या लाल पट्ट्याच्या. साध्या शेअर टॅक्सीची नंबरप्लेट एच पासून सुरू होते, पी असलेल्या खाजगी गाडीत बसू नका. खाण्याचं टेन्शन नको, सकाळी रस्त्यावर उभं राहून डबल्स खातात, बारा नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये रस्सेदार चणे, तिखट किती विचारलं तर स्लाइट म्हणा, तिथली मिरची आपल्यालाही जड जाते. धालपुरी, म्हणजे डाळ भरलेली पोळी, खाल्लीत की बिनगुळाची पुरणपोळीच वाटेल.

मिलिटरी प्रिंटचे कपडे अजिबात नेऊ नका, तिथे ते घालणं गुन्हा आहे, बॅगसुद्धा नको. मे पर्यंत कोरडा सीझन, सुती कपडे भरपूर घ्या, उपासनेला मात्र लोक अगदी नीट कपड्यांत येतात म्हणून दोन चांगल्या साड्या हव्यातच. घरी फोन करताना लक्षात ठेवा, भारत साडेनऊ तास पुढे असतो, तुमच्या दुपारी केलात तर इथे सगळे झोपलेले असतील. आणि मिस्टरांना क्रिकेट आवडत असेल तर क्वीन्स पार्क ओव्हल मैदान बघायला सांगा, १९७१ मध्ये वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा तिथेच हरवलं, गावसकरांची ती पहिलीच टेस्ट. आमच्या शेजारचे आजोबा ती मॅच बघायला गेले होते, भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी तेच सांगितलं आणि मग चहाला घरात बोलावलं.